गुंजभर दारूचा हिशेब : खडकीच्या काडतुसाची गोष्ट

भारतात झाडल्या गेलेल्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी उलटी धरली, की तिच्या पितळी बुडावर पुष्कळदा दोन रोमन अक्षरे ठोकलेली दिसतात : ‘के’ आणि ‘एफ’. जुन्या पुंगळीवर शेजारी सालही असते. ‘के’ म्हणजे किरकी, इंग्रजांच्या जिभेवर बसलेले खडकीचे नाव. ‘एफ’ म्हणजे फॅक्टरी. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या दापोडीतून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की बोपोडी लागते आणि तिला लागूनच खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे.

त्या पुंगळीत दारू नेमकी किती घालायची, हे कोणी आणि कशावरून ठरवले? या एका प्रश्नामागे पाऊणदोनशे वर्षांहून अधिक काळाची खटपट आहे, आणि तिचे काही धागे थेट या औद्योगिक पट्ट्याच्या नकाशापर्यंत येतात.

आधी वजनाचे माप. काडतुसातली दारू ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एका पौंडाचे ७००० ग्रेन. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन. विसाव्या शतकाच्या आरंभी लष्करी रिव्हॉल्व्हरच्या एका काडतुसात धूरविरहित दारू असे ती तीन-चार गुंजांची. सोनाराच्या काट्यावर तोलण्याचा हा ऐवज. त्यात एका गुंजेची चूक झाली, तर ती मासाभर सोन्यातल्या रतीभर खोटीसारखी नुसत्या पैशांत फिटत नाही. हातातले हत्यार फुटू शकते.

काडतूस येण्यापूर्वी प्रत्येक बंदूकधारी हा स्वतःच आपला दारूगोळा भरणारा होता. ठासणीच्या बंदुकीत शिंगड्यातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी किंवा छरे, आणि गजाने ठासायचे. माप ठरलेले असे. पण त्या मापात मावणारी दारू आज जशी आहे तशीच उद्या असेल याची खात्री नव्हती. सोरा, गंधक आणि कोळसा या तिन्ही जिनसांची प्रत गावागणिक बदले. दाण्याचा आकार बदलला तरी जळण्याचा वेग बदले : बारीक दाणा झपाट्याने पेटतो, जाड दाणा सावकाश. तोफेची दारू बंदुकीत आणि बंदुकीची तोफेत चालत नाही ती यामुळेच.

आणि पाऊस. सह्याद्रीच्या गडावर चार महिने दारू कोरडी ठेवणे ही एक स्वतंत्र लढाई होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखान्याविषयी जी सूचना आहे, ती वाचताना हे पुस्तक लिहिणारा माणूस केवळ राजनीतीचा पंडित नव्हता हे पटते. दारूखाना घरांच्या वेढ्यापासून अलग असावा, तळघर करून त्याला गच करावा, दमटपणा लागू देऊ नये, आणि आठा-पंधरा दिवसांनी माल बाहेर काढून त्याला ऊन द्यावे, असा तिचा आशय. यामागचे रसायन असे, की कच्च्या सोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असतात आणि ते हवेतले पाणी ओढून घेतात. एकदा दारू खरोखर भिजली की विरघळलेला सोरा सुकताना वेगळा होऊन बसतो. मग वजन तेवढेच भरते, रंगही तोच दिसतो, पण जोर गेलेला असतो. म्हणून भिजल्यावर वाळवण्यापेक्षा भिजूच न देणे, हा अमात्यांचा भर अगदी योग्य होता.

तात्पर्य, दारूचा जोर डोळ्यांना दिसत नाही आणि काट्यावरही कळत नाही. तो झाडूनच कळतो. मग झाडून मोजायचा कसा?

युरोपात यासाठी ठेंगणी परीक्षा-तोफ वापरीत. फ्रान्समध्ये १६८६ च्या राजाज्ञेने निकष ठरला : तीन औंस दारूने साठ पौंडांचा गोळा ठरावीक अंतरापलीकडे, आजच्या मापात सुमारे शंभर मीटर, फेकला पाहिजे. नाही फेकला तर दारू नापास. ही कसोटी ढोबळ होती. आखूड, रुंद तोफेत उत्तम ठरलेली दारू लांब नळीच्या बंदुकीत तशीच वागेल असे नव्हते. परीक्षा वेगळ्या हत्याराची आणि वापर वेगळ्या हत्याराचा, हा दोष तिच्यात मुळातच होता.

१७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात झुलत्या ठोकळ्याची युक्ती मांडली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, त्यात गोळी झाडायची आणि ठोकळा किती मागे झुलला ते फितीवर मोजायचे. त्या झोक्यावरून गोळीचा वेग काढता येतो. बंदुकीच्या गोळीचा वेग प्रथमच आकड्यांत आला आणि हवेचा विरोध लोक समजत होते त्याहून कितीतरी प्रचंड आहे, हेही उघड झाले. थोर गणिती ऑयलर याने तीन वर्षांत या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले.

या रॉबिन्सचा शेवट भारतात झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास आणि फोर्ट सेंट डेव्हिड येथील तटबंदी सुधारण्यासाठी त्याला मुख्य अभियंता म्हणून पाठवले. १७५० मध्ये तो आला आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळच्या त्याच किल्ल्यात मरण पावला. दारूचा जोर प्रथम अचूक मोजणारा माणूस कोरोमंडलच्या किनाऱ्यावर मातीत मिसळला. पुढे कंपनीने बंगालमध्ये इशापूरला दारूचा कारखाना काढला आणि १७९१ पासून तिथे उत्पादन सुरू झाले.

आता खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी वसली. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे आली. आणि १८६९ मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेसाठी दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. एन्फिल्ड रायफलीची कागदी काडतुसे १८५७ मध्ये जगभर गाजली होती. नंतरच्या दहा वर्षांत ब्रिटिश सैन्याने पाठीमागून भरायची स्नायडर रायफल स्वीकारली आणि वुलिचच्या प्रयोगशाळेतील एडवर्ड बॉक्सर याने तिच्यासाठी पितळी पत्र्याचे काडतूस घडवले. दारू, गोळी आणि पेट घेणारी टोपी, तिन्ही एकाच पुंगळीत बंद झाली.

या बदलाचा अर्थ सैनिकाच्या दृष्टीने सोपा होता : वेळ वाचला. कारखान्याच्या दृष्टीने मात्र जबाबदारी पूर्णपणे हललेली होती. ठासणीच्या काळात दारू कमी-जास्त वाटली, तर झाडणारा स्वतः माप बदलू शके. बंद काडतुसात ते अशक्य. शेकडो कोस दूर असलेल्या माणसाच्या हातात हत्यार कसे वागेल, हे आता खडकीत बसलेल्या माणसाने आधीच ठरवायचे होते. भरणारा आणि झाडणारा यांची ताटातूट झाली आणि त्या पोकळीत चाचणी नावाची संस्था जन्माला आली.

तिची खरी परीक्षा झाली कॉर्डाइटमुळे. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी नायट्रोग्लिसरीन व गनकॉटन यांच्या मिश्रणातून ही धूरविरहित दारू सिद्ध केली. ती शेवयांसारख्या दोऱ्यांच्या रूपात काढीत, म्हणून ‘कॉर्ड’वरून कॉर्डाइट. काळ्या दारूपेक्षा ती कितीतरी जोरकस. त्यामुळे निम्म्याहून कमी वजनात तेच काम होई. रायफलीत ती लवकर रुळली. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र अडली.

रिव्हॉल्व्हरची रचना मुळातच नाजूक तडजोडीची आहे. फिरत्या सिलिंडरात सहा घरे. प्रत्येक घर नळीच्या मागे येऊन थांबते. घर आणि नळी यांत बारीक फट राहतेच आणि तिच्यातून थोडा वायू निसटतो. नळी तर वीतभरही नसते. दारूला जळायला मिळतो तो क्षणाचा अंश. ती सावकाश जळली, तर गोळी बाहेर पडल्यावरही नळीच्या तोंडाशी भडका उरतो, म्हणजे जोर वाया जातो. ती फार झपाट्याने जळली, तर सिलिंडराच्या पातळ भिंतीवर ताण येतो.

वेब्ली रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले. त्यासाठीचे .४५५ मापाचे काडतूस १८९१ मध्ये आले ते काळ्या दारूवर. १८९४ मध्ये त्याच पुंगळीत कॉर्डाइट भरण्यात आले. पुंगळी काळ्या दारूच्या हिशेबाने लांब होती. कॉर्डाइट तीत तळाशी जेमतेम मावे आणि वर मोकळी पोकळी उरे. हत्यार खाली धरून वर आणले तर दारू मागे, टोपीजवळ. वरून खाली आणले तर ती पुढे, गोळीला टेकलेली. मोठ्या पुंगळीतली थोडी दारू कुठे पडून आहे यावर ती कशी पेटेल हे ठरते, आणि त्याप्रमाणे दाब व वेग बदलतो. काटा बरोबर, दारू उत्तम, तरी दोन गोळ्या सारख्या जाणार नाहीत.

१८९७ मध्ये त्यावर उपाय आला तो दारू वाढवण्याचा नव्हता. पुंगळीच आखूड केली. पोकळी घटली आणि कॉर्डाइट नीट जळू लागले. २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे सतरा ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला अंदाजे ६०० फूट वेगाने जाऊ लागली. आवाजाच्या वेगाच्या निम्माच हा वेग. पण तो प्रत्येक वेळी तोच यावा, हे खरे यश होते. रिव्हॉल्व्हरच्या दारूगोळ्याच्या इतिहासात याहून शहाणी दुरुस्ती क्वचित झाली असेल. (पुढच्याच वर्षी तोंडाशी पोकळ असलेली अधिक घातक गोळी काढली गेली; १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यानंतर ती लष्करी वापरातून मागे घ्यावी लागली. त्या वादाचे नावही भारतातलेच, कोलकात्याजवळच्या दमदमचे.)

कमी दारू म्हणजे सुरक्षित काडतूस, हा समजही याच काळात मोडला. फारच कमी दारू पडली, तर गोळी नळीतच अडकून बसते. झाडणाऱ्याला आवाज थोडा दबका वाटतो इतकेच. घाईत पुढचा चाप ओढला की दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा चिरते. मोठ्या पुंगळीत चुकून दारू दोनदा पडली, तर तीही बाहेरून ओळखू येत नाही. दोन्ही टोकांना धोका आणि मधला सुरक्षित पट्टा अरुंद. तो शोधणे म्हणजेच चाचणी.

त्यासाठीची दोन उपकरणे एकोणिसाव्या शतकाने दिली. बेल्जियमचा तोफखाना अधिकारी ल बुलांजे याने १८६० च्या दशकात वेग मोजण्याचे यंत्र रचले. गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरावर तारांचे दोन पडदे. पहिली तार तुटली की विद्युतचुंबकाला लटकलेली लांब कांब सुटून पडू लागते; दुसरी तार तुटली की एक वजन पडून सुरी उडवते आणि ती सुरी पडत्या कांबेवर खूण करते. खूण किती उंचीवर आहे, यावरून दोन पडद्यांमधला काळ निघतो. वस्तू किती वेळात किती खाली पडते, हा शाळेतला नियम आणि एक सुरी, एवढ्यावर हे यंत्र दशकानुदशके चालले.

दुसरे उपकरण अँड्र्यू नोबल या स्कॉटिश तज्ज्ञाचे. चाचणीच्या जाडजूड नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवायचा आणि त्यावर तांब्याची इवलीशी भरीव नळकांडी ठेवायची. स्फोटाच्या दाबाने तांबे चेपते. झाडण्यापूर्वीची आणि नंतरची लांबी मोजली की कोष्टकावरून दाब कळतो. वेग सांगतो की दारूने काम किती केले. चेपलेले तांबे सांगते की त्या कामासाठी हत्याराने सोसले किती. एक आकडा दुसऱ्याशिवाय निरर्थक आहे. वेग हवा तेवढा आला म्हणून खूश व्हायचे आणि दाब पाहायचाच नाही, ही हौशी माणसाची नेहमीची चूक.

कारखान्यात प्रत्येक खेपेतून नमुने काढून हे करावे लागते, कारण त्याच कृतीने, त्याच यंत्रावर तयार केलेल्या दारूची पुढची खेप मागच्यासारखीच निघेल असे नाही. खेप बदलली की वजनही पुन्हा पारखावे लागते.

भारतात यात उन्हाळ्याची भर पडली. कॉर्डाइट वर्गातील दारू उष्णतेने हळूहळू कुजते, तिच्यातून आम्लवायू सुटतात आणि फार कुजली तर ती आपोआप पेटू शकते. कॉर्डाइटचा एक जनक असलेल्या एबलचीच यासाठीची चाचणी प्रसिद्ध आहे : नमुना गरम पाण्यात ठरावीक तापमानाला ठेवायचा, वर रसायन लावलेला कागद टांगायचा आणि कागदावर डागाची रेघ उमटायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. निलगिरीतल्या अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी निघाला. स्फोटकांच्या रासायनिक तपासणीसाठी १९०८ मध्ये नैनितालला जे कार्यालय उघडले, ते पुढे खडकीला आले. पाषाण-सुतारवाडीची आजची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आपली वंशावळ तिथूनच सांगते. हत्यारांचे संशोधन करणारी एआरडीई हीसुद्धा १९५८ मध्ये खडकीतच सुरू झाली आणि नंतर पाषाणला गेली.

दरम्यान रिव्हॉल्व्हर लहान झाले होते. दोन महायुद्धांच्या मध्ये ब्रिटिशांनी .३८० माप स्वीकारले; आधी २०० ग्रेनची शिशाची गोळी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १७८ ग्रेनची धातूचे आवरण असलेली गोळी. गोळी हलकी आणि कठीण झाली, म्हणजे नळीतले घर्षण बदलले, म्हणजे दारूचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू असेल, तर नावापुढे ‘झेड’ अक्षर लागे. संग्राहक या एका अक्षरासाठी पुंगळ्या शोधत फिरतात, ते उगाच नव्हे.

हेच काम अमेरिकेत घरोघरी चाले. १८८४ मध्ये जॉन बार्लो याने ‘आयडियल’ ही हाताने काडतुसे भरण्याच्या अवजारांची कंपनी काढली. आयडाहोचा पशुपालक एल्मर कीथ याने वर्षानुवर्षे रिव्हॉल्व्हरची काडतुसे स्वतः भरून पाहिली, प्रसंगी हत्यारे फोडून घेतली, १९३५ च्या.३५७ मॅग्नम काडतुसामागे अशा प्रयोगांची पार्श्वभूमी होती. तिथे एका माणसाच्या टेबलावर जे घडले, ते इथे कारखान्याच्या भिंतीआडच घडू शकत होते. कारण तांत्रिक नव्हते, राजकीय होते. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या चौकटीत कोंडले आणि युरोपियनांना सूट दिली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांतच या अपमानाविरुद्ध ठराव केले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने वंशभेद ठेवला नाही. पण परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हाच राहिला. त्यामुळे मराठीत शिकारकथा भरपूर आहेत. घरी दारू तोलून काडतूस भरणाऱ्याची नोंदवही मात्र दुर्मीळ. हाताने माप घेऊन भरण्याची परंपरा उरली ती सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुकांत, रानडुकरांच्या वाटेवर.

खडकीत १९४० मध्ये उच्च स्फोटकांचा कारखाना निघाला. १९६० च्या दशकात वरणगाव आणि भंडारा हे कारखाने आले, एक काडतुसांचा, दुसरा स्फोटके व दारूचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि हे सारे पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. भंडाऱ्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ जण मृत्युमुखी पडले. काट्यापाशी उभे राहणाऱ्यांचा व्यवसाय आजही तसाच जोखमीचा आहे.

आणि पिंपरी-चिंचवडला हे सारे रोज भेटते, फक्त वेगळ्या नावाने. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली २००० यार्डांचा पट्टा आखलेला आहे. शहर त्याला ‘रेड झोन’ म्हणते. अमात्यांनी दारूखाना घरांच्या वेढ्याबाहेर ठेवायला सांगितले होते. इथे घरेच चालत दारूखान्यापर्यंत आली. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांमागून कामगार आले, कामगारांमागून वस्ती आली. तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळे या भागांतली हजारो घरे त्या रेषेच्या आत उभी आहेत, आणि रेषा नेमकी कुठून मोजायची, यावर निवडणुकांमागून निवडणुका लढवल्या गेल्या आहेत.